कमी पैशांत ग्वाल्हेर: मुक्काम लष्करात, गड पायी

पंजाब मेल ग्वाल्हेर सोडून आग्र्याकडे निघाली की डाव्या हाताच्या खिडकीत गड दिसायला लागतो. लांबलचक कातळ, त्याच्या कडेला मानमंदिर या महालाचे गोल बुरूज, आणि दोन-चार मिनिटांत सगळं मागे पडतं. दिल्ली-आग्रा-मथुरा करून आलेल्या कितीतरी मराठी माणसांनी ग्वाल्हेर एवढंच पाहिलेलं असतं. मी इथल्या लष्कर या भागात जन्मले, इथेच वाढले, त्यामुळे मला याचं मनापासून वाईट वाटतं. जे उतरतात त्यांच्यातलेही बरेच जण आग्र्याहून गाडी करून चार-पाच तासांसाठी येतात आणि परत जातात.

माझी मावशी अशीच आली होती. गाडीवाल्याने त्यांना दोन कापडदुकानांत नेलं, हायवेवरच्या एका महागड्या ढाब्यावर जेवायला थांबवलं आणि गडावर जेमतेम पाऊण तास दिला. संध्याकाळी आमच्याकडे चहाला टेकल्यावर मावशी म्हणाली, "अगं, काय काय पाहिलं तेच आठवत नाहीये." त्या एका दिवसाच्या गाडीभाड्यात दोन माणसांचा तीन दिवसांचा राहण्या-खाण्याचा खर्च निघाला असता.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: ग्वाल्हेरात पैसा गाडीत जातो. तिकिटं स्वस्त आहेत, खाणं स्वस्त आहे, निम्मी ठिकाणं तर फुकट आहेत. मुक्कामाची जागा नीट निवडली, दिवसांचा क्रम नीट लावला आणि चालायची तयारी ठेवली की खर्च आपोआप आटोक्यात राहतो. पहिल्यांदा येणाऱ्याने काय आधी करावं आणि काय नंतर, ते त्याच क्रमाने लिहिते आहे.

आधी महिना ठरवा

ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. हे दिवस सगळ्यात चांगले. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा एसी खोली आणि एसी गाडी लागते, आणि तिथेच बजेट कोलमडतं.

डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची असते आणि धुकं दाट पडतं. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. तरीही डिसेंबरच्या बाजूने मी एक कारण सांगेन: तानसेन समारोह. १९२४ पासूनची ही परंपरा आहे. देशातले मोठे गायक-वादक हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी हजेरी लावतात आणि ऐकायला तिकीट नसतं. पुण्या-मुंबईत ज्या गाण्यासाठी हजार रुपये मोजावे लागतात, ते इथे थंडीत शाल गुंडाळून मांडवात बसून ऐकता येतं. समारोहाच्या पहिल्या सकाळी समाधीपाशी शहनाई होते, ढोलीबुवा मठाच्या महाराजांची हरिकथा होते आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण, होतो. नारदीय कीर्तनाची आपली पद्धत आणि मिलाद एकाच सकाळी, एकाच समाधीपुढे! हे पाहायला मी लहानपणी आजीचं बोट धरून जात असे. गाण्याची थोडीशी जरी ओढ असेल तर धुक्याचा त्रास सोसून याच वेळी या. तारखा राज्य सरकार जाहीर करतं, त्या कळल्या की लगेच रेल्वेचं आरक्षण करा.

हिवाळ्यात व्यापार मेळाही असतो. माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला हा मेळा आता त्यांच्याच नातवाच्या नावाने ओळखला जातो. मेळ्यात फिरायला मजा येते, पण त्या दिवसांत स्वस्त खोल्या लवकर भरतात.

रेल्वे: स्लीपरचं तिकीट हेच सगळ्यात मोठं बचतीचं पाऊल

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्स्प्रेस. नागपूरकरांना तर दिल्लीकडे जाणाऱ्या अनेक गाड्या आहेत. पंजाब मेल संध्याकाळी मुंबईहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वाल्हेरला पोचते. मुंबईहून स्लीपरचं भाडं सहाशेच्या आसपास पडतं, थर्ड एसीला त्याच्या अडीचपट. ऑक्टोबर ते मार्च स्लीपरने सहज येता येतं. फक्त रात्री थंडी वाजते, म्हणून चादर आणि कानटोपी हाताशी ठेवा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळी आणि नाताळच्या आसपास यायचं असेल तर पहिल्याच दिवशी तिकीट काढा. आधी जायचं-यायचं तिकीट पक्कं करा आणि मगच खोलीचे पैसे भरा. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनी उलटं करून आगाऊ रक्कम घालवल्याचं मी दोनदा पाहिलं आहे. परतीची गाडी संध्याकाळची घ्या. शेवटचा अख्खा दिवस हाती राहतो आणि एका रात्रीचं भाडं वाचतं.

मुक्काम कुठे

ग्वाल्हेर म्हणजे खरं तर तीन गावं: गडाच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, इंग्रजांची छावणी होती ते मुरार, आणि लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ गडाच्या दक्षिणेला पडला आणि तोच हळूहळू शहर झाला, म्हणून नाव लष्कर. मुक्काम इथेच करा, महाराज बाडा या मुख्य चौकाच्या आसपास. स्टेशनजवळ लॉज जास्त आहेत, पण तिथून कुठेही जायचं तर वाहन लागतं. बाड्याजवळ राहिलं की बाजार, देवळं, शिंद्यांच्या छत्र्या (समाधी-स्मारकं), सरोद घर हे वाद्यांचं संग्रहालय, खाण्याच्या जागा हे सगळं पायी होतं. रोजचं येण्या-जाण्याचं भाडं वाचतं आणि सकाळ-संध्याकाळ जुनं शहर फुकट पाहायला मिळतं.

लष्करातले साधे लॉज आणि धर्मशाळा हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतात. पैसे देण्याआधी खोली प्रत्यक्ष पाहा. चार गोष्टी विचारा: चेक-आउट बाराला की चोवीस तासांचा? गरम पाणी नळाला की बादलीने? सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे का? रात्री दार किती वाजता बंद होतं? गाडी दुपारी पोचत असेल तर चोवीस तासांचा चेक-आउट असलेल्या जागीच राहा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बारालाच पुढचं भाडं सुरू होतं. प्रत्येकाचं आधार कार्ड सोबत हवं. गाडी अगदी अपरात्री पोचणार असेल तर पहिल्या रात्रीपुरती स्टेशनवरची रिटायरिंग रूम पाहा. तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर ती ऑनलाइन आरक्षित करता येते.

"सवारी" हा शब्द पाठ करा

स्टेशनबाहेर पडताच रिक्षावाले घेरतील. "बाड़ा कितने में?" असं विचारलंत की त्यांना वाटतं अख्खी रिक्षा हवी आहे, आणि ते तोच दर सांगतात. इथे टेम्पो आणि ई-रिक्षा माणशी पैसे घेऊन ठरलेल्या रस्त्यांवर चालतात. म्हणून म्हणायचं, "बाड़े की सवारी?" दहा-वीस रुपयांत काम होतं. स्टेशन, फुलबाग, बाडा, हजिरा, किला गेट, मुरार एवढी नावं लक्षात ठेवली तर तीन दिवस निघतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा. टेम्पोवाल्याकडे पाचशेची मोड नसते आणि मागणंही बरं नाही.

गडाचा दिवस

या दिवसासाठीच तर यायचं, म्हणून इथे मी थोडी सविस्तर लिहिणार आहे.

गडावर जायचे दोन मार्ग. पश्चिमेचा उरवाई दरवाजा, जिथून गाड्या वर जातात, आणि पूर्वेचा किला गेटकडचा जुना, पायी चढायचा मार्ग. जवळजवळ सगळे पाहुणे गाडीने उरवाईतून जातात आणि तिथूनच उतरतात. तुम्ही पूर्वेने चढा, पश्चिमेने उतरा. या एका निर्णयाने गाडीचं भाडं पूर्ण वाचतं आणि गड ज्या बाजूने पाहावा म्हणून बांधला, त्याच बाजूने दिसतो.

सकाळी सातच्या आत बाड्यावरून सवारीने किला गेटला पोचा. पहिल्या दरवाजातून आत शिरल्यावर लगेच गुजरी महाल लागतो. त्यातलं संग्रहालय दहाच्या सुमाराला उघडतं, त्यासाठी थांबू नका, ते उद्यावर ठेवा. चढ दगडी फरसबंदीचा, रुंद आणि एकसारखा आहे. हत्ती चढायचे असा हा रस्ता. साठीतली माणसंही टेकत-टेकत अर्ध्या-पाऊण तासात वर पोचतात. बूट मात्र पकड असलेले हवेत, कारण दगड झिजून गुळगुळीत झाले आहेत. सकाळीच का चढायचं? मानमंदिराची पूर्वेची भिंत. उगवतीचं ऊन थेट तिच्यावर पडतं आणि निळ्या, पिवळ्या, हिरव्या फरशांतली बदकं, मगरी, केळीची झाडं उजळून निघतात. राजा मानसिंह तोमरने १४८६ ते १५१६ या आपल्या कारकिर्दीत हा महाल बांधला. पाचशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन तो निळा रंग अजून टिकून आहे. दुपारी गाडीने येणाऱ्याला ही भिंत सावलीत दिसते.

हत्ती पोळ हा दरवाजा येण्याआधी वाटेत एक लहानसं, कातळात कोरलेलं देऊळ लागतं. बहुतेक लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात. तुम्ही थांबा. हे चतुर्भुज मंदिर. इथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या बागेसाठी दिलेल्या २७० हात लांबीच्या जमिनीचा आणि रोज वाहायच्या ५० माळांचा उल्लेख आहे. या दोन्ही आकड्यांतलं शून्य आपण आज काढतो तसंच, छोटंसं गोल. भारतात दगडावर कोरलेल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे आहे. दाराला कुलूप असेल तर पहारेकऱ्याला नीट विनंती करा, मोबाइलचा उजेड पाडून अक्षरं बघा. मुलं बरोबर असतील तर त्यांना ते शून्य स्वतः शोधू द्या. माझ्या भाचीला ते सापडलं तेव्हा तिने मारलेली उडी मला अजून आठवते.

मानमंदिराचं तिकीट रोख २५ रुपये, क्यूआर स्कॅन करून काढलं तर २०. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. १८ एप्रिल आणि १९ नोव्हेंबरला पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना प्रवेश मोफत असतो. जवळच खात्याचं छोटं संग्रहालयही आहे, पण ते शुक्रवारी बंद. म्हणून गडाला शुक्रवार टाळा.

महालाच्या आत दोन चौक आणि त्यांच्याखाली जमिनीतले दोन मजले. खाली जाताना उजेडाची सोय ठेवा आणि डोकं सांभाळा, दारं ठेंगणी आहेत. जिथे राण्यांचे झोपाळे टांगले जायचे म्हणतात, तीच तळघरं पुढे मोगलांनी कैदखाना म्हणून वापरली. औरंगजेबाने सख्खा भाऊ मुराद याला याच गडावर कैदेत ठेवलं आणि १६६१ मध्ये मारवलं. दुसरा भाऊ दारा शुकोह याचा मुलगा सुलेमान शुकोहसुद्धा इथेच संपला. खाली गाइड हवाच असेल तर दुसऱ्या एखाद्या कुटुंबाबरोबर मिळून घ्या आणि रक्कम आधी ठरवा. बाकीच्या गडासाठी गाइड लागत नाही.

तिथून उत्तरेकडे जहांगिरी आणि शाहजहानी महाल, जौहर कुंड. १२३२ मध्ये अल्तमशच्या वेढ्याच्या वेळी गडावरच्या बायकांनी जिथे जौहर केला ती ही जागा. इथे फारसं कुणी येत नाही. दहा मिनिटं बसा. मग मागे फिरून दक्षिणेला सास-बहूची देवळं. मूळ नाव सहस्रबाहू, म्हणजे विष्णू, लोकांच्या तोंडी ते सास-बहू झालं. मोठ्या देवळात १०९३ चा शिलालेख आहे. छत पाहायला मान वर करून उभं राहण्यापेक्षा सरळ फरशीवर पाठ टेकून झोपा. मी दर वेळी तेच करते, कुणी काही म्हणत नाही. देवळाच्या मागच्या कठड्यावरून अख्खं शहर खाली पसरलेलं दिसतं.

पुढे तेली का मंदिर, गडावरची सगळ्यात उंच वास्तू. उत्तरेकडच्या इतर देवळांपेक्षा तिचं शिखर वेगळं आहे, वर गोल न होता लांबट, पिंपासारखं. साडेअकरा-बारा वाजत आले की गुरुद्वारा दाता बंदी छोड गाठा. जहांगिराने सहावे गुरू हरगोबिंद यांना या गडावर कैदेत ठेवलं होतं. सुटका झाली तेव्हा त्यांनी एकट्याने बाहेर पडायला नकार दिला आणि आपल्याबरोबर ५२ राजांना सोडवलं, अशी शीख परंपरा सांगते. इथे लंगर चालतो. डोकं झाकायचं, पाय धुवून आत जायचं, पंगतीत बसायचं, पोळी दोन्ही हातांनी घ्यायची आणि ताटात काही टाकायचं नाही. कुणी पैसे मागत नाही. तरी जेवून तसंच उठून जाऊ नका. ताटं घासायला किंवा पाणी वाढायला अर्धा तास द्या, दानपेटीत जमेल ते टाका. स्वस्तात जेवण मिळतं म्हणून नव्हे, तर गडावर ज्या एका जागी आजही रोज माणसांचा राबता आहे ती जागा म्हणून तिथे जा. पाण्याच्या बाटल्याही तिथेच भरून घ्या.

ऊन उतरेपर्यंत सूरज कुंडाच्या काठी विसावा घ्या. सूरजसेन राजाचं कोड या पाण्याने गेलं आणि ग्वालिपा ऋषींवरून गावाला नाव मिळालं, ही आमची घरोघर सांगितली जाणारी गोष्ट.

उतरताना उरवाईच्या घाटात दोन्ही कड्यांवर जैन तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत, पंधराव्या शतकातल्या, तोमरांच्या काळातल्या. सगळ्यात मोठी ५७ फुटांच्या घरात. बाबराने त्या फोडण्याचा हुकूम दिला आणि तसं आपल्या आत्मचरित्रात लिहूनही ठेवलं. मागाहून जैनांनी चुन्याने चेहरे पुन्हा घडवले, ती डागडुजी जवळून ओळखू येते. गाडीने जाणाऱ्यांना या मूर्ती वळणावर क्षणभर दिसतात. पायी उतरणाऱ्याला त्यांच्या पायाशी उभं राहता येतं. घाटाच्या तळाशी लष्करची सवारी मिळते.

संध्याकाळी मानमंदिरापुढे प्रकाश-ध्वनी कार्यक्रम होतो. चांगला आहे. पण त्याचं तिकीट वेगळं, आणि रात्री गडावरून खाली यायला वाहन करावं लागतं. पैसे मोजून वापरायचे असतील तर तो सोडा. चौघं-पाचजण असाल तर भाडं वाटून जा.

दुसरा दिवस: हजिरा, गुजरी महाल, फुलबाग

सकाळी हजिरा. सूफी संत मुहंमद गौस यांची मोठी कबर आणि तिच्या बाजूला तानसेनची अगदी साधी समाधी. गौसच्या कबरीभोवतीच्या दगडी जाळ्या एकेक करून पाहा, नक्षी बदलत जाते. तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांनी तो ओरबाडला. तुम्ही पानं तोडू नका, सावलीत बसा.

तिथून किला गेट जवळच, आणि आता गुजरी महाल उघडला असेल. सोमवारी बंद, तेवढं लक्षात ठेवा. मानसिंहाने मृगनयनी राणीसाठी बांधलेल्या या महालात ग्यारसपूरची शालभंजिका आहे. छोटीशी मूर्ती, चेहऱ्यावर हलकं हसू. ती कुलुपात असते. "शालभंजिका दिखाइए" असं आवर्जून म्हटल्याशिवाय काहीजण तशीच परत जातात.

दुपारनंतर फुलबागेकडे या. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी इथे आहे. जून १८५८ मध्ये राणीसाहेब, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशव्यांनी ग्वाल्हेर जिंकलं, जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले, आणि अवघ्या काही दिवसांत इंग्रजांशी लढताना राणी पडली. जवळच्या गंगादासांच्या मोठ्या शाळेतल्या, म्हणजे मठातल्या, साधूंनी तिचं शव इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून लढून प्राण दिले. तिथे त्या साधूंच्याही समाध्या आहेत. राणीच्या समाधीशी सगळे फोटो काढतात, शाळेपर्यंत फार थोडे जातात. तुम्ही जा.

तिसरा दिवस लष्करचा

हा दिवस मराठी माणसाला सगळ्यात जवळचा वाटेल. महाराज बाड्यावर सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत उभे राहा. मधोमध जिवाजीरावांचा पुतळा आणि भोवती टाउन हॉल, पोस्ट, बँक, व्हिक्टोरिया मार्केट. प्रत्येक इमारत वेगळ्या घडणीची. शेजारी गोरखी, शिंद्यांचा जुना वाडा. मग सराफ्यातून चालत निघा आणि वर बघत चला. सज्जे, कोरीव तोड्या, कमानी सगळ्या वरच्या मजल्यांवर आहेत.

आणि नावं वाचा. फालका बाजार, पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ, शितोळे साहेब का बाडा, मामा का बाजार, खासगी बाजार, कंपू. फाळके, पाटणकर, शितोळे हे सगळे शिंद्यांचे सरदार. 'कंपू' म्हणजे त्यांच्या कवायती पलटणींचा तळ. एखाद्या गोठीत, म्हणजे जुन्या वस्तीत, मराठीत बोलत गेलात तर ओट्यावरच्या आजी हमखास विचारतील, "कुठले तुम्ही?" त्यांच्या मराठीला हिंदीची लय आहे, पण आग्रह अस्सल आपला. वेळ असला तर बसा.

गाण्याच्या माणसांनी जिवाजीगंजातलं सरोद घर चुकवू नये. उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या वडिलोपार्जित घरात वाद्यांचं संग्रहालय केलं आहे. ग्वाल्हेर घराण्याची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, आणि इकडे शंकर पंडित, कृष्णराव शंकर पंडित यांनी ती याच गल्ल्यांत सांभाळली. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीत नगरी म्हटलं, तेव्हा इथल्या जुन्या लोकांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. शिंद्यांच्या छत्र्या आणि अचलेश्वराचं देऊळ याच दिवशी पायी होतं.

दसऱ्याला आला असाल तर कंपूजवळच्या टेकडीवर मांढरे की माता इथे जा. शिंदे घराण्याकडून शमीपूजन होतं आणि लोक सोनं लुटायला धावतात.

दुपारी जयविलास महाल. याचं तिकीट गडाच्या कितीतरी पट आहे आणि दर वेळी पाहुणे विचारतात, घ्यावं का? माझं उत्तर: हो. सहलीतला एकच मोठा खर्च करायचा असेल तर हा करा. १८७४ मध्ये जयाजीरावांसाठी मायकेल फिलोस यांनी बांधलेल्या या महालातली दरबार हॉलची दोन झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची आहेत. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. २०२२ पासून मराठा इतिहासाचं वेगळं दालनही झालं आहे. आठवड्यातून एक दिवस महाल बंद असतो, तो वार आदल्या दिवशी विचारून घ्या. तिकीट महाग आहे म्हणून तासाभरात उरकू नका, दोन-अडीच तास द्या.

खाणं

सकाळी बेडई आणि आलूची भाजी, किंवा कचोरी, किंवा पोहे-जिलेबी. इथले पोहे आपल्यापेक्षा कोरडे वाटतील, जिलेबीबरोबर खाऊन बघा. दुपारी साधी थाळी, संध्याकाळी मुगाचे गरम मंगोडे आणि हिरवी चटणी. सकाळची न्याहारी बाजारात भरपूर करायची आणि दुपारचं हलकं ठेवायचं, हे गणित खिशाला आणि चालायला दोन्हींना सोयीचं. नयाबाजारात बहादुराचे साजूक तुपातले बुंदीचे लाडू मिळतात. एकच लाडू घ्या आणि उभ्याने गरम खा. फुलबागेजवळची चौपाटी संध्याकाळी झगमगते, पण तिथे एका प्लेटला जेवढे जातात तेवढ्यात जुन्या बाजारात दोघांचं पोट भरतं.

चौथा दिवस मिळाला तर

पैसे फारच जपायचे असतील तर दतिया. झाशीकडे जाणाऱ्या साध्या गाडीने तास-दीड तासात पोचाल. बीरसिंह देव बुंदेल्याचा सातमजली महाल आहे, आणि तो राहता कधी झालाच नाही असं सांगतात. पीतांबरा पीठाचं दर्शन घेऊन संध्याकाळी परत.

मुरैना जिल्ह्यातलं मितावलीचं गोलाकार चौसष्ट योगिनी मंदिर, पढावली आणि बटेश्वरचा देवळांचा समूह हे त्याहून सुंदर आहेत. बटेश्वरची पडलेली देवळं पुरातत्त्व खात्याने दगड-दगड जुळवून पुन्हा उभी केली. पण तिथे सार्वजनिक वाहनाने जाणं कटकटीचं आहे. चारजण असाल तर अर्ध्या दिवसाची गाडी करा आणि भाडं वाटून घ्या. दोघंच असाल तर लॉजवर विचारून अजून कुणी जाणारं आहे का पाहा, नसेल तर दतियाच बरं.

परतीच्या दिवशी थंडीचे दिवस असतील तर मुरैन्याची गजक घ्या. तीळ-गुळाची, थरांची, कुरकुरीत. लष्करातल्या दुकानातून घ्या, स्टेशनवर घेऊ नका. पत्र्याच्या डब्यात भरून मागा, कागदी खोक्यात ती भुसावळ येईपर्यंत चुरा होते.